डुकरं कुणाची होती?

तिघांनी माझं डोकं दाबून धरलं होतं. गुडघे फरशीवर. वरून प्रार्थनामंदिराचे पाळक ओरडत होते, "अशुद्ध आत्म्या, तुझं नाव सांग!"

मी केलं काय होतं? एक प्रश्न विचारला होता.

आम्ही कोरवी. बोरगावच्या शिवेवर टोपल्या विणायच्या, डुकरं पाळायची. बाप्तिस्मा घेतला, तरी प्रार्थनामंदिरात आमची जागा दाराजवळच्या चटईवर. पुढची बाकं वरच्या जातीतून आलेल्यांची. ख्रिस्तात सगळे एक, बसायला तेवढे वेगळे.

त्या रविवारी पाळक सांगत होते, येशूनं एका माणसातली भुतं काढली. 'सैन्य' हे त्यांचं नाव. ती डुकरांच्या कळपात शिरली आणि सगळी डुकरं कड्यावरून पाण्यात पडून मेली. आमची एक डुकरीण व्याली तरी घरात सण असायचा. माझ्या तोंडून निघून गेलं, "साहेब, ती डुकरं कुणाची व्हती? त्या माणसांनी मग खाल्लं काय?"

बाकांवरचे हसले. पाळक हसले नाहीत. म्हणाले, "हिच्यातला आत्मा बोलतोय. धरा."

माझी पोरगी चटईवरून बघत होती. तिला शिकायला बेळगावच्या मिशनच्या बोर्डिंगात घालायचं, तर पाळकांची चिठ्ठी लागायची. मी म्हणाले, "सैन्य."

हात निघाले. सगळ्यांनी गीत म्हटलं. मला रडू आलं नाही, रागही नाही. फार वेळ मांडी घातली की पाय आपला राहत नाही, तशी मी सगळीच झाले होते.

चिठ्ठी मिळाली. पण पुढं दोन वर्षं दर सभेत मला उभं करायचे. मी पढवलेल्या पोपटासारखी सांगायची, माझ्यात सैन्य होतं.

सुट्टीत पोरगी आली. "आई, पोरी मला भुताची पोर म्हणत्यात. तुझ्यात खरंच भूत व्हतं?"

"न्हाय गं."

"मग सांगतीस कशाला?"



चिकोडीच्या सभेला मिशनचे गोरे साहेब आले होते. पाळकांनी मला पुढं बोलावलं. पोरगी शेजारीच होती. मी उभी राहिले. "माझ्यात कोण न्हवतं. मी एक इचारलं व्हतं. तुम्ही त्याचं भूत केलंसा."

पाळक हळूच म्हणाले, "पोरीचं बोर्डिंग आठव."

"तिच्यासाठीच बोलतीया, साहेब."

बोर्डिंग सुटलं. बायबल मी सोडलं नाही. पोरगी वाचून दाखवते. त्या गोष्टीत डुकरं राखणारे गावात पळत जातात, एवढंच लिहिलंय. भुतांना नाव आहे, राखणाऱ्यांना नाही. मी त्या राखणाऱ्यांतली.

'सैन्य' म्हणून कुणी हाक मारली, तर मी वळत नाही. चटईवर बसत नाही. दर रविवारी पोरीला घेऊन पहिल्या बाकावर बसते. आता मला उठवायला तिघं पुरणार नाहीत.