पाणी आणणारे मामा

पिशोरहून शहरात कॉलेजला आले तेव्हा आमची जमीन सोळा एकर होती. हॉस्टेलवर पहिल्याच आठवड्यात ती साठ एकर झाली.

दोष माझा एकटीचा नाही. खोलीत आम्ही चौघी. एकीच्या वडिलांचं जालन्यात कापडाचं दुकान, दुसरीचे लातूरला डॉक्टर. त्या दोघी घरच्या गाडीबद्दल बोलायला लागल्या की मला गप्प बसवेना. मग मीही एक जीप घेतली, मोसंबीची बाग लावली, चार-पाच गडी कामाला ठेवले. सगळं बोलता बोलता.

चौथी माझ्याच गावची, मेंढपाळाघरची. दर उन्हाळ्यात त्यांची मेंढरं आमच्या शेतात बसायची. शेताला खत मिळायचं, त्यांना धान्य. म्हणजे माझी जीप किती खरी ते तिला पक्कं ठाऊक. म्हणून मी तिला ताबडतोब शिष्या करून घेतलं. "मेंढरांचं नाव काढायचं नाय. वडील पशुपालन करतात म्हणायचं," हा पहिला धडा. पोरगी हुशार, चटकन शिकली. गुलमंडीच्या बाजारातून चौघींनी एकाच रंगाच्या ओढण्या आणल्या, केसांचं तेल सुटलं, आठवड्यातून दोनदा शाम्पू सुरू झाला. जालनावालीसारखं तोंडावर हात ठेवून हसायलाही मी शिकले. आधी मी खदाखदा हसायचे.

मग दुष्काळ पडला. हॉस्टेलवर चार दिवसांनी टँकर यायचा आणि खोलीला दोन बादल्या मिळायच्या. शाम्पूच्या बाटल्या खिडकीत नुसत्या उभ्या. तिकडे गावात आमची विहीर आटली. अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, बैल माझ्या आजोळी धाडले आणि स्वतः शहराजवळच्या हर्सूलला एका नव्या इमारतीच्या कामावर वॉचमन म्हणून आले. गावं वाळत होती आणि हर्सूलकडे मात्र रोज नवा पाया खणला जात होता. अण्णांना भेटायला मी गुपचूप जायचे. एकदा बोलता बोलता मी केस धुवायला पाणी नाही म्हणाले, एवढंच.

पुढच्या रविवारी अण्णा सायकलला दोन कॅन बांधून हॉस्टेलच्या पायऱ्यांशी हजर. इमारतीच्या बोअरला पाणी होतं. धोतरावर सिमेंट, मिशांवर सिमेंट. पाणी म्हटल्यावर चौघी खाली धावलो.

"हे कोण गं?" जालनावालीनं विचारलं.

मी कॅनचं झाकण चाचपू लागले. शिष्या मात्र तयार होती. "हिच्या शेतातले गडी आहेत," ती म्हणाली आणि बरोबर उत्तर दिल्यासारखी माझ्याकडे बघू लागली.

अण्णांनीही माझ्याकडे पाहिलं. मग खाली वाकून दोरी सोडली. "व्हय. मालकानं धाडलंय. ताई, कॅन कुठं ठिवू?"

मला लाज वाटली का? खरं सांगते, त्या दिवशी नाही. सुटले, एवढंच वाटलं. चौघींनी केस धुतले, गच्चीवर वाळवले आणि खूप हसलो.

दुसऱ्या रविवारी पोरी वाटच बघत होत्या. "मामा, पुढच्या वेळी तिसरा कॅन जमेल का?" तिसऱ्या रविवारी अण्णांनी तीन आणले. डॉक्टरची मुलगी म्हणाली, "एवढी जीप असताना मालक तुम्हाला सायकलवर का पाठवतात?"

अण्णांना जीपबद्दल काहीच माहीत नव्हतं. "जीप दुरुस्तीला टाकलीय," म्हणाले.

ज्या माणसानं बाजारात बैलाचं वयसुद्धा कधी खोटं सांगितलं नाही, तो माझ्यासाठी खोटं बोलला. त्या आठवड्यात मला जेवण गेलं नाही. तरी मी तोंड उघडलं नाही. खोलीतली माझी जागा गेली तर मी कुणाबरोबर हसणार, हीच भीती.

चौथ्या रविवारी पायरीवर अण्णांच्या हातून कॅन निसटला. अर्धं पाणी सांडलं.

"अहो मामा, नीट धरा ना! मालकांना सांगू का?" जालनावाली ओरडली. ती दुष्ट नव्हती. घरच्या गड्यांशी तशीच बोलत असेल. आमच्या नसलेल्या गड्यांबद्दल मीही तसंच बोलायचे.

अण्णा मान खाली घालून म्हणाले, "चुकलं, ताई."

"ते माझे वडील आहेत," मी म्हणाले. आवाज भलताच मोठा निघाला. "जीप नाही. बाग नाही. हर्सूलला वॉचमन आहेत ते."

शिष्येनं घाबरून माझा दंड दाबला. बिचारीला वाटलं मी उत्तर विसरले. जालनावालीचं तोंड लालबुंद झालं. अण्णा सावकाश सरळ झाले, कमरेवर हात ठेवले आणि अख्ख्या हॉस्टेलला ऐकू जाईल असे गरजले, "मंग थोबाड घिऊन उभी काय ऱ्हायलीस? उचल की कॅन! बाप लई दिवस वढतोय, दिसत नाय व्हय तुला?"

चार रविवारांत अण्णा पहिल्यांदाच माझ्यावर ओरडले होते. मी कॅन उचलला आणि जिन्यातच रडायला बसले.