तिसरे रीडिंग

शिजत्या हळदीचा वास — उग्र, मातकट, ओल्या वाफेत भिजलेला. आमच्या सांगलीकडे माघ-फाल्गुनात तो गावोगाव दरवळतो. मला तो आला ऐन श्रावणात, मिरजेतल्या एका रुग्णालयाच्या बंद एसी खोलीत.

अशा गोष्टींवर माझा कधीच विश्वास नव्हता. अजूनही ‘आहे’ असे म्हणवत नाही. मी आहारतज्ज्ञ. शस्त्रक्रियेआधी रुग्णाच्या अंगात स्नायू किती उरलेत, पोटात किती अन्न जाते, हे मोजणे माझे काम. झिजलेली शरीरे मोजता मोजता आपणही कुठेतरी झिजत जातो...

तात्या कडेगावकडचे, निवृत्त फौजी. जठरात गाठ. दोन आठवडे नळीने आहार देऊनही दंड भरला नव्हता. सर्जननी स्पष्ट सांगितले होते, “हाताची पकड वीस किलोच्या वर गेली तरच उद्या टेबलावर घेतो.” आणि गाठ काही थांबणार नव्हती.

पकड मोजायचे यंत्र मी त्यांच्या मुठीत दिले.

“उसाच्या मोळ्या उचलल्यात ह्या हातानं. आन तुमी खेळणं दाबाय सांगताय व्हय?”

“मग दाबा की, मामा,” त्यांची सून सुनंदा म्हणाली.

पहिले रीडिंग चौदा. दुसरे बारा. नियमाने तीनच संधी; त्यांतला मोठा आकडा धरायचा.

मी काटा शून्यावर आणला, त्यांच्या कोपराखाली तळहात धरला. तात्यांनी डोळे मिटले. शेजारच्या रिकाम्या जागेकडे मान वळवून हलकेच म्हणाले, “यं की... हात लाव जरा.”

सुनंदा पुढे सरली.

“तुम्ही नको,” मी म्हटले. “मुठीला दुसऱ्याचा हात लागला तर रीडिंग बाद होते.”

ती जागीच थबकली. त्याच क्षणी तो वास आला. माझ्या तळहातावरचा भार वाढला — हातावर कुणी हात ठेवावा, तसा. काटा संथपणे सरकत सव्वीसवर थांबला.

“मॅडम... आत्याबाईंच्या लुगड्याला असाच वास यायचा,” सुनंदा पुटपुटली. तिच्या सासूबाईंना जाऊन दोन वर्षे झाली होती.

मी सव्वीस लिहिले. नियम तसाच होता. पण तो आकडा खोटा ठरता, तर तात्या टेबलावरून उठले नसते, आणि सही माझी होती. ती रात्र मी जागून काढली.

तात्या उठले. मी यंत्र तपासून घेतले. त्यात काही बिघाड नव्हता. मला आजही याचा उलगडा झालेला नाही.

घरी जायच्या दिवशी ते खाटेवर पेज पीत बसले होते. मी धीर करून विचारले, “तात्या, त्या दिवशी कुणी दाबलं?”

त्यांनी ओठ पुसले. वेळ विचारल्यावर सांगावी, इतक्या साधेपणाने म्हणाले,

“दोगांनी.”