क्रुसाच्या वाटेच्या कव्हरातली रेकॉर्ड

सिरील रुमाव हा फार भाविक माणूस आहे, असं केंब्रिजमधल्या ओळखीच्या सगळ्या वसईकरांना वाटायचं. ही समजूत पसरवायचं काम त्याच्या बायकोनं, मेव्हिसनं, अगदी मनापासून केलं होतं. तीस वर्षं कारखान्यात गाड्यांना दारं बसवणारा हा गडी दर नोव्हेंबरात, मृतांच्या स्मरणाच्या महिन्यात, एका संध्याकाळी बेसमेंटमध्ये जाई, कानाला हेडफोन लावी आणि 'क्रुसाची वाट' ही भक्तिगीतांची रेकॉर्ड ऐके. वर येई तेव्हा त्याचे डोळे लाल असत. मेव्हिस तोवर टीव्हीसुद्धा लावत नसे. असा नवरा मिळायला पुण्याई लागते, असं ती शेजारणींना सांगे.

खरं म्हणजे ती भक्तिगीतं वसईहून येतानाच बॅगेत फुटली होती. कव्हर तेवढं धड राहिलं. त्यात सिरीलनं 'ल फार मूये' नावाच्या एका फ्रेंच बँडची रेकॉर्ड घातली होती. मराठीत सांगायचं तर 'भिजलेलं दीपगृह'. असलं नाव ठेवल्यावर बँड टिकणार किती? जॅझ आणि रॉक एकत्र घुसळून त्यांनी एकच रेकॉर्ड काढली, तीनशे प्रती छापल्या आणि पाचही जण पांगले. मूळ कव्हरवर दीपगृहाला टेकून एक बाई उभी होती, आणि तिच्या अंगावर समुद्राच्या तुषारांखेरीज काही नव्हतं. मेव्हिससारख्या नव्या नवरीसमोर ते ठेवायची छाती सिरीलला झाली नाही. त्यानं बाई फाडून टाकली आणि रेकॉर्ड क्रुसाच्या वाटेला लावली. मेव्हिस कॅसेटवाली, ती कशाला आत बघतेय!

त्या रेकॉर्डमध्ये त्याचा थोरला भाऊ डेस्मंड होता. १९७८ साली दोघे भाऊ एका प्रवासी बोटीच्या भटारखान्यात कामाला होते. मार्सेय या फ्रेंच बंदरात बोट दुरुस्तीसाठी तीन आठवडे अडकली. संध्याकाळी बंदराजवळच्या बारमध्ये डेस्मंड ट्रम्पेट वाजवी. तिथं या पाच केसाळ पोरांनी त्याला ऐकलं आणि स्टुडिओत नेलं. सिरील सोबतीला गेला आणि कोपऱ्यात कोकचा ग्लास धरून बसला. आता वसईच्या बँडवाल्यांचं असं, की काहीही वाजवायच्या आधी ओठ गरम करायला ते पाण्याची चाल वाजवतात. लग्नाच्या आदल्या दिवशी विहिरीवरून वाजतगाजत पाणी आणतात, त्या वेळची चाल. डेस्मंडनं सवयीनं तीच वाजवली. पोरांनी टेप चालू ठेवली, आणि त्याच चालीवर रेकॉर्डचं शेवटचं गाणं उभं केलं.

डेस्मंडला जाऊन आता पंधरा वर्षं झाली. लग्नंमुंजी वाजवून त्याचं आयुष्य गेलं; त्याचा आवाज दुसरीकडे कुठंच साठवलेला नव्हता. जो काही श्वास शिल्लक होता, तो त्या काळ्या चकतीत.

यंदा केंब्रिजचं घर विकून दोघं नॉर्थ यॉर्कला, लेक ट्रेसीच्या जवळ, कॉन्डोत राहायला आली. सामान लावताना सिरीलला रेकॉर्ड सापडेना. त्यानं सगळे खोके उपसले. शेवटी त्यानं मेव्हिसला विचारलं, तर ती प्रसन्न चेहऱ्यानं म्हणाली की ईस्टरआधीचा उपवासकाळ आहे, म्हणून तिनं ती चर्चमधल्या मराठी मंडळाला भेट दिली. आज शुक्रवार, आजच्याच प्रार्थनेत लावणार आहेत. सिरीलच्या तोंडचं पाणीच पळालं. चिडावं तरी कुणावर? खोटं कव्हर त्यानं स्वतःच चढवलं होतं.

चर्चच्या हॉलमध्ये ती दोघं पोचली तेव्हा क्रुसाच्या वाटेची प्रार्थना आटोपली होती. पन्नासेक वसईकर, ठाणेकर सूपच्या वाट्या बाजूला ठेवून शांत बसले होते. फादरनी कुणाच्या तरी घरून आणलेल्या प्लेअरवर, लेबल न बघताच, रेकॉर्ड ठेवली. शेवटचंच गीत लावतो, असं म्हणून त्यांनी सुई टेकवली.

आधी नुसती खरखर झाली. मग एकटा ट्रम्पेट सुरू झाला.

पहिल्या चार सुरांतच म्हाताऱ्या एकमेकींकडे बघायला लागल्या. उपवासकाळात लग्नाचं पाणी! एकीनं कपाळाछातीवर क्रुसाची खूण केली, दुसरीचा पाय मात्र आपोआप ठेका धरू लागला. तेवढ्यात ड्रम आणि गिटार धाडकन आत घुसले आणि फादरनी घाबरून सुईकडे हात नेला.

"काढू नका, फादर," सिरील उभा राहून म्हणाला. "प्लीज. तो माझा भाऊ आहे."

फादरनी हात मागे घेतला. सात मिनिटं कुणी जागचं हललं नाही. गिटारच्या कल्लोळातून पाण्याची चाल पुन्हा पुन्हा डोकं वर काढत राहिली, आणि सिरील उभ्यानंच ऐकत राहिला. हेडफोनशिवाय, चार माणसांत, तो ती पहिल्यांदाच ऐकत होता. त्याला इतकं बरं वाटलं की त्याची त्यालाच लाज वाटली.

गाणं संपल्यावर मेव्हिसनं त्याला बाजूच्या खुर्चीत ओढलं. रागावायचं ती विसरली होती.

"डेस्मंडदादा? अरे, आपल्या लग्नात पाणी त्यानंच वाजवलं. इतकी इयर्स मला सांगितलं का नाहीस?"

सिरील हातांकडे बघत म्हणाला,

"मार्सेयचे ते बँडवाले त्याला ठेवून घेणार होते, मेव्हिस. राहायला रूम, बँडमध्ये परमनंट जागा. मी रडलो. मला घरी जायचंय, एकटा कसा जाऊ म्हणालो. म्हणून तो माझ्याबरोबर परत आला. आणि तीन वर्षांनी मीच इकडे यायला निघालो, तेव्हा माझी बॅग उचलून एअरपोर्टला सोडायला तोच आला होता."