हिराकस आणि कोरा चहा

गरम पाण्याची बादली न्हाणीकडे नेताना माझी बायको अंगणात मध्येच ती खाली ठेवू लागली, तेव्हा मला पहिल्यांदा शंका आली. दिवसभर हळदीत वाकून काम करणारी बाई ती, बादलीचं तिला कधी काही वाटलं नव्हतं. विचारलं तर म्हणाली, वय झालं. त्याच आठवड्यात तिच्या साड्यांच्या घडीखाली मला भाजक्या मातीचे खडे सापडले. आमच्याकडे पोटुशी बायका ही माती खातात, बाजारात ती सहज मिळते. पण हिचं ते वय मागे पडलं होतं. दिवस गेले होते ते आमच्या लेकीला, आणि पहिल्या बाळंतपणासाठी ती पौषाच्या आधी माहेरी येणार होती.

आमच्या डोंगरकडा गावाहून आम्ही हिंगोलीला गेलो. डॉक्टर बाईंनी तिची खालची पापणी ओढून पाहिली आणि रक्त तपासायला सांगितलं. हिमोग्लोबिन ७.६ निघालं. पाळीला रक्त फार जात होतं, हे तिने मला सांगितलं नव्हतं, डॉक्टरांना सांगितलं. त्यांनी ते थांबवायची गोळी दिली, आणि गेलेलं भरून यावं म्हणून लोहाची. हाडं दुखतात म्हटल्यावर कॅल्शियमचीही. तीन महिन्यांत आकडा चढला नाही तर दवाखान्यात भरती करून रक्त चढवावं लागेल, असं त्या शांतपणे म्हणाल्या. बायको परतीच्या एसटीत एकच बोलली, की लेकीचं बाळंतपण मग कोण करणार.

मला आकड्यांवर विश्वास ठेवायची सवय आहे. जमिनीचा तपासणी अहवाल मी दोनदा वाचतो आणि खताची मात्रा वजन करूनच देतो. गोळ्यांच्या बाबतीत मात्र मी आधीपासून साशंक होतो, त्याला कारण घडलं होतं. वर्षभरापूर्वी एका पाहुण्याच्या सांगण्यावरून मी स्वतः ताकदीच्या गोळ्या सुरू केल्या होत्या. डब्यावर जीवनसत्त्वांची आणि खनिजांची लांबलचक यादी होती. खाल्ल्यावर लघवी हळदीसारखी पिवळी व्हायची, त्यामुळे वाटायचं की आत काहीतरी चाललं आहे. बायकोने एकदा ऐकून घेतलं आणि म्हणाली, "तुमची ताकद तर रोज मोरीत चालली." तपासणी केली तेव्हा कळलं, पहिल्यापासून माझ्यात काहीच कमी नव्हतं. डबा संपला, मी होतो तसाच राहिलो. त्यामुळे तिच्या गोळ्यांनी तरी काय होणार, असं मनात होतं.

तीन महिने तिने एक दिवस चुकवला नाही. आमच्या घरात वडिलांच्या रक्तदाबाच्या दिवसांपासून एक पद्धत आहे. सकाळच्या चहाच्या बशीत औषध ठेवायचं, म्हणजे कोणी विसरत नाही. चहा कोराच, कारण दूध डेअरीला जातं. तिच्या बशीत लोहाची आणि कॅल्शियमची गोळी शेजारी शेजारी असायच्या आणि ती त्या चहाच्या घोटाबरोबर गिळायची. भादव्यात पुन्हा रक्त तपासलं. ७.९.

डॉक्टर बाईंनी कागद पाहिला. अंगावरून जाणं थांबलं का, त्यांनी विचारलं. बरंच थांबलं होतं. मग गोळी कशी घेता, हे विचारलं. बायकोने अभिमानाने बशीची पद्धत सांगितली, मी मातीचंही सांगितलं. त्यांनी कपाळाला हात लावला नाही, रागावल्याही नाहीत. म्हणाल्या, चहा लोहाला पोटातच पकडून ठेवतो, कॅल्शियम त्याला आडवं येतं, आणि ती माती तर असलेलं लोहही धरून बसते. लोहाची गोळी लिंबाच्या पाण्याबरोबर घ्या, चहा दोन तासांनी, कॅल्शियम रात्री जेवल्यावर. आणखी एक संधी देते, पण लेक येण्याआधी चढलं नाही तर भरती व्हायचं.

तेव्हा आमच्या हळदीची पानं पिवळी पडत होती. आमची जमीन काळी, पण चुनखडीची. तिच्यात लोह भरपूर आहे, अहवालात तसं लिहून येतं, पण चुना ते पिकाला उचलू देत नाही. शिरा हिरव्या आणि मधला पानाचा भाग पिवळा, असं दिसलं की आम्ही हिराकस विरघळवून पानांवरच फवारतो. हिराकस म्हणजे लोहाचाच क्षार, हिरवट खडे असतात. नुसत्या पाण्यात टाकलं तर थोड्या वेळात पाणी तांबूस होतं, आणि तसं झालं की ते वाया गेलं. म्हणून आधी पाण्यात लिंबू पिळायचं. हे काम दरवर्षी बायकोच करते.

दवाखान्यातून आल्याच्या दुसऱ्या दिवशी ती बांधावर बसून फवारणीच्या पाण्याच्या टिपात लिंबं पिळत होती. पिळता पिळता थांबली.

"अहो, पानाला लिंबू देऊन राहिलो आपण इतकी वर्षं," ती म्हणाली, "अन् मला चहा."

घरी आल्यावर एका जुन्या काचेच्या पेल्यात उरलेला कोरा चहा गार करून घेतला आणि त्यात हिराकसचा बारका खडा टाकून ढवळलं. चहा बघता बघता काळा झाला. नुसता गडद नाही, शाईसारखा काळा. बायको पदराला हात पुसत जवळ आली. मी त्यात लिंबू पिळलं, तर काळेपणा हळूहळू विरत गेला आणि चहाचा रंग जवळजवळ परत आला. आम्ही दोघं त्या पेल्याकडे लहान पोरांसारखे बघत उभे होतो. तीन महिने रोज सकाळी हेच तिच्या पोटात होत होतं, आणि बाहेरून कोणालाच दिसत नव्हतं. पेला मी उकिरड्यावर ओतला आणि घासून वेगळा ठेवला.

फवारणीनंतर चौथ्या-पाचव्या दिवशी मी हळदीत गेलो. जिथे थेंब पडून वाळले होते, तिथे पिवळ्या पानावर हिरवे ठिपके उमटले होते. नेमके थेंबाच्या आकाराचे. हे मी दरवर्षी बघतो, त्या दिवशी मात्र बांधावर बसून राहिलो. एवढ्याशा खड्यातलं लोह, एका पानाच्या वाट्याला त्यातलं दिसणारही नाही इतकं, आणि तेवढ्यासाठी ते अख्खं पान अडून बसलेलं असतं.

बायकोच्या बाबतीत आधी आकडा बदलला नाही, आधी माती सुटली. एका बाजारच्या दिवशी पिशवीत मातीची पुडी नव्हती. विचारलं तर तिलाच नवल वाटलं. म्हणाली, "आता वास आला तरी नको वाटतं. काहून खात व्हते कोण जाणे." डॉक्टर बाईंनी नंतर सांगितलं की लोह कमी असलं की काही माणसांना अशी भूक लागते, आणि भरून येऊ लागलं की रक्ताच्या आकड्याआधी ती जाते. मी त्यावर अजून विचार करतो. काहीतरी कमी आहे, हे तिच्या शरीराला कळत होतं. ते मागायला शरीर मातीकडे गेलं, आमच्या हळदीसारखंच, आणि माती देत नव्हती.

मार्गशीर्षात आकडा १०.८ आला. सगळं श्रेय मी लिंबाला देणार नाही; पाळीचं जाणंही तोवर पूर्ण आटोक्यात आलं होतं, आणि यातलं किती कशामुळे ते मला मोजता येत नाही. मला कोणी आता विचारलं, की या गोळ्यांचा उपयोग होतो का, तर मी आधी विचारतो, तुझ्यात काय कमी आहे ते तपासलंस का. माझ्यात काही कमी नव्हतं, माझा डबा वाया गेला. तिच्यात लोह कमी होतं, पण गोळी चहाच्या बशीत असेपर्यंत तिचाही उपयोग नव्हता. लोह आपल्या मनाने खाऊ नये, हेही सांगतो, जास्त झालं तर पानही करपतं.

लेक आली तेव्हा तिच्या पिशवीत तशाच दोन गोळ्यांच्या पट्ट्या होत्या. पहिल्या सकाळी ती चहाचा कप घेऊन गोळी फोडायला लागली. बायकोने कप तिच्या हातातून काढून घेतला, लिंबाचं पाणी पुढे केलं आणि मला म्हणाली, "दाखवा तिला तुमचा काळा चहा."

मी तो पेला आणि हिराकस काढला. लेक पोटावर हात ठेवून वाकून बघत होती. तिच्या मागून बायको न्हाणीसाठी गरम पाण्याची बादली घेऊन गेली. मी पेल्याकडे बघायचं सोडून तिच्याकडे बघत राहिलो. अंगण ओलांडून ती सरळ न्हाणीपर्यंत गेली, मध्ये कुठेही बादली खाली न ठेवता.