गादीशेठची जकात

गल्लीत त्याला सगळे गादीशेठ म्हणत. दुकान गाद्या-उशांचं, आणि माणूसही तसाच: गुबगुबीत, कुठूनही दाबला तरी पुन्हा वर येणारा. मशिदीत पहिल्या रांगेत बसायचा, अत्तराचा वास तिसऱ्या रांगेपर्यंत जायचा. अल्लाहला भिऊन वागणारा म्हणून त्याचं नाव होतं. ही भीती फक्त जकातीच्या वेळी जरा कमी पडायची.

वर्षभर गाठीला राहिलेल्या संपत्तीचा चाळिसावा हिस्सा गोरगरिबांना द्यायचा, एवढी साधी गोष्ट. पण त्यातला 'वर्षभर' हा शब्द गादीशेठला फार आवडला होता. वर्ष पुरं व्हायच्या आदल्या दिवशी तो शेजारच्या शिंप्याला साक्षीला घरी बोलवायचा, चहा पाजायचा आणि कपाटाची किल्ली बायकोच्या हातावर ठेवून खणखणीत आवाजात म्हणायचा, "यात जे काही आहे, ते मी तुला बक्षीस दिलं." आठवड्याने बायको किल्ली परत करायची, "मीही तुम्हाला बक्षीस दिलं." संपत्ती कपाटातून हललीसुद्धा नाही, आणि वर्ष कुणाचंच भरलं नाही!

एकदा त्याने मौलानांना विचारलंही होतं. मौलाना म्हणाले, "नियमात बसवता येईल कदाचित, पण..." तोवर गादीशेठ चपला शोधायला लागला होता.

त्याची धाकटी बहीण मागच्याच गल्लीत राहायची. नवरा वारलेला, मूलबाळ नाही. ती भावाच्या दुकानासाठी उशांचे अभ्रे शिवायची. त्या वर्षी तिच्या डोळ्यांत मोतीबिंदू झाला आणि शिवण वाकडी यायला लागली. वाकड्या अभ्र्यांचे पैसे गादीशेठने कापले. शेवटी ती दुकानात आली.

"भाईजान, ऑपरेशन करायचं म्हणतेय. थोडी मदत होईल का?"

"धंदा अगदी बसलाय गं," गादीशेठ नव्या गादीवर बसून म्हणाला. "पण मी दुआ करीन. रोज करीन."

बायको डबा घेऊन दुकानात आली होती. तिने ऐकलं, डबा ठेवला आणि निघून गेली.

पुढच्याच आठवड्यात किल्लीचा दिवस आला. शिंपी आला, चहा झाला, बक्षीस झालं. आठ दिवसांनी गादीशेठने हात पुढे केला.

"आण."

"काय?"

"किल्ली. दरवर्षीसारखी."

"अहो, बक्षीस दिलंत ना मला? परत काय मागता? लोक काय म्हणतील?"

गादीशेठ हसला. मग बायको हसत नाहीये हे त्याच्या लक्षात आलं. त्याने शिंप्याला बोलावून आणलं. शिंपी बिचारा प्रामाणिक. म्हणाला, "शेठ, माझ्यासमोरच दिलंत. चांगलं मोठ्याने दिलंत."

"अरे, ते दिल्यासारखं केलं होतं! खरं थोडंच दिलं?"

"असं होय?" बायको म्हणाली. "मग ते तुमचंच होतं. इतकी वर्षं तुमचंच होतं. म्हणजे इतक्या वर्षांची जकात राहिली की हो!"

गादीशेठने चपला चढवल्या. तो तडक मौलानांकडे गेला आणि कधी नव्हे ते शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मौलानांनी दाढीवरून हात फिरवला.

"दिलं असेल तर सगळं तिचं. दिलं नसेल तर जकात द्या, मागच्या सगळ्या वर्षांची."

"तिसरा काही मार्ग?"

"आहे ना. मेल्यावर तिथे जाऊन विचारा."

रात्रभर तळमळून सकाळी गादीशेठने बायकोपुढे कबूल केलं, की आपण कधीच काही दिलं नव्हतं. हे बोलताना त्याला जितकी लाज वाटायला हवी होती, तितकी वाटली नाही. उलट सगळं जाण्यापेक्षा थोडं गेलं, म्हणून हायसंच वाटलं.

मग त्याच्या डोक्यात आलं, द्यायचंच आहे तर दुकानासमोर मांडव घालून द्यावं, फोटोवाला बोलवावा.

"सख्ख्या बहिणीला दिसत नाहीये, आधी तिच्याकडे जा," बायको म्हणाली. "फोटोत तिचे डोळे मिटलेलेच येतील."

गादीशेठ जड मनाने बहिणीकडे गेला. पाकीट पुढे करून तो जरा थांबला. बहिणीचे डोळे भरून येतील, ती दुआ देईल, आपण "अगं, असू दे" म्हणू, असा त्याचा बेत होता.

"जकात आहे का?" बहिणीने विचारलं.

"हो."

"मग माझा हक्कच आहे. ठेव तिथे. बस, चहा टाकते."

ती चाचपडत स्टोव्हकडे गेली. गादीशेठ खाली अंथरलेल्या गादीवर बसला आणि ताडकन उठला. पुन्हा बसला. हाताने दाबून पाहिलं. कापसाच्या नावाखाली आत चिंध्या होत्या, मधे खड्डा आणि कडेला गाठी. शिवण त्याच्याच दुकानाची होती. भावाने बहिणीला सवलतीत विकलेली गादी.

चहा त्याने उभ्यानेच प्यायला.

बहिणीचं ऑपरेशन झालं, अभ्रे पुन्हा सरळ यायला लागले. ऑपरेशन होऊन ती घरी आली त्याच दिवशी गादीशेठने उत्तम कापसाची नवी गादी स्वतःच्या खांद्यावरून नेऊन तिच्या खोलीत अंथरली. वाटेत कुणी पाहावं म्हणून तो जरा लांबच्या रस्त्याने गेला, हे खरं. पण नेली.

संध्याकाळी तो मशिदीत मौलानांकडे आला.

"ती गादी पुढच्या जकातीत धरता येईल ना?"

"येईल की," मौलाना म्हणाले. "जकात म्हणून दिली असेल तर. देताना मनात काय होतं?"

गादीशेठने आठवून पाहिलं.

"खरं सांगू? देताना काहीच आठवलं नाही."

"मग नाही धरता येणार," मौलाना हसून म्हणाले, आणि गादीशेठ कुरकुरत पहिल्या रांगेत जाऊन बसला.