बिजल्याच्या नावाचं दावं

चंद्रभानच्या उजव्या हाताची दोन बोटं ज्या नावापायी मोडली, ते नाव ना माणसाचं होतं ना देवाचं. बैलाचं होतं.

चंद्रभान देवळीचा घड्याळं दुरुस्त करणारा. बसस्थानकाजवळ चार पावलांची टपरी. आता हातात घड्याळ बांधतं कोण? तरी लग्नात आलेली, मेलेल्या सासऱ्याच्या आठवणीची अशी घड्याळं यायची, आणि बायको छायाच्या दोन म्हशी होत्या, त्यावर घर चालायचं. हिवाळ्यात बैलांच्या शर्यतींचे शंकरपट लागले की मात्र चंद्रभानला मान मिळायचा. बैलजोडी सुटली की घड्याळाची कळ दाबून धाव किती सेकंदांत संपली हे त्यानं सांगायचं. त्याचं बोट असं पक्कं की पाचपन्नास गावांत म्हणत, जोडी खोटी पळेल, चंद्रभानचं बोट खोटं पळायचं नाही.

नावांचा नाद लागला तो मुलीमुळे. रुचिका सावंगीला नर्सिंग शिकते. तिच्या कॉलेजच्या पोरींना मेळाव्यासाठी इंटरनेटवर पान उघडायचं होतं. पानाला नाव लागतं, त्याला डोमेन म्हणतात, आणि ते वर्षाच्या भाड्यानं घ्यावं लागतं.

"म्हंजे नावाचा ठेका?" चंद्रभाननं विचारलं.

"हो बाबा. आपण घेतलं तं दुसऱ्याले भेटत नाई. मंग ज्याले पायजे थो आपल्याकून विकत घेते."

"अन् भाडं नाई भरलं तं?"

"काही दिवस वाट पायतात. मंग नाव सुटते. जो पयले पकडन, त्याचं."

सुटतं आणि पकडतं! घड्याळवाल्याचे कान टवकारले.

पहिली सहा नावं त्यानं अशी घेतली जशी नवी सून बाजारात भाजी घेते, दिसेल ते हिरवं पिशवीत. देवळीच्या घड्याळाचं एक घेतलं, वर्ध्याच्या कापसाचं एक घेतलं. एक तर इतकं लांब, की लिहिता लिहिता चहा निवून जावा. कुत्रं विचारीना.

"या पैशात वगार घेतली असती तं शेण तरी देल्लं असतं," छाया म्हणाली.

पण चुकत चुकतच माणूस शिकतो. नाव आखूड हवं. एकदा ऐकून लिहिता यावं. ते हवं असणारा कुणी जिवंत माणूस असावा. आणि कुणाचं चालतं नाव असेल तर त्याला हात लावू नये. हे शेवटचं त्यानं वहीत दोनदा लिहून ठेवलं होतं. लिहिलेलं वहीतच राहतं, हेच खरं.

जवळच्याच गावी गुलाब राहायचा. शेती पाच एकर, आवाज पन्नास एकरांचा. त्याचा बिजल्या हा गवळाऊ जातीचा पांढराशुभ्र बैल, तीन वर्षं पट मारत होता. वर्ध्याच्या एका पोरानं बिजल्याच्या नावानं इंटरनेटवर पान काढून दिलं होतं. दूरदूरचे लोक त्यावर धाव पाहत आणि गुलाबला पटाची आमंत्रणं देत. ते पोरगं नोकरीला पुण्याला गेलं. भाडं भरा, भाडं भरा, असे निरोप त्याच्याच फोनवर येत राहिले, आणि त्यानं ते पाहिले नाहीत. इकडे सुटणाऱ्या नावांच्या यादीत चंद्रभानला बिजल्या दिसला. एका दुपारी, टपरीत बसून, सुटण्याच्या क्षणावर बोट ठेवून त्यानं ते पकडलं.

आता कुणाचं जनावर सुटून रस्त्यावर आलं, तर आपल्या अंगणात बांधावं आणि धन्याला निरोप धाडावा, ही रीत. चंद्रभानच्या मनात तेच होतं. पण निरोप काही गेला नाही. आज सांगू, उद्या सांगू. खरं सांगायचं तर एवढं देखणं जनावर त्याच्या दारात कधी बांधलंच नव्हतं. म्हणून दोन दिवस नुसतं पाहून घेत होता. शिवाय नाव घेतलं की 'विकणे आहे' या चौकटीत खूण करायची आणि खाली आपला नंबर द्यायचा, ही त्याच्या हाताची सवय. इथंही खूण झाली.

तिसऱ्या दिवशी पट होता. बंडूजी म्हणून एक बैलवाले, गुलाबचे जुने वैरी. त्यांनी मोबाइल उघडला आणि भर मैदानात मोठ्यानं वाचला.

"काय गुलाब, बैलाचं नाव विकाले काढलं म्हंते! उद्या शेपटी काढशीन, परवा शिंगं!"

लोक पोट धरून हसले. गुलाबचा चेहरा लोखंडासारखा तापला. त्याच तापल्या डोक्यानं त्यानं जोडी सोडली, आणि बिजल्या हरला. बंडूजींच्या जोडीपेक्षा डोळ्याचं पातं लवावं इतकाच मागं. चंद्रभाननं आकडा सांगितला.

"अन् नावाखाली नंबर कोनाचा हाय पाय ना बावा," बंडूजी म्हणाले, "घड्याळवाल्याचाच!"

गुलाबनं बंडीची उभारी, कडेचा जाड दांडका, उपसली.

पहिल्या दणक्यात टेबल गेलं, दुसऱ्यात लाउडस्पीकर. चंद्रभान 'तुयंच हाय, घेऊन जाय' म्हणायला तोंड उघडतच होता, तोवर तिसरा दणका तोंडावर बसला आणि शब्दाऐवजी दात बाहेर आला. गुलाबच्या चुलतभावांनी त्याला मातीत पाडलं, बरगड्यांत लाथा घातल्या. मनगटावर पाय ठेवून गुलाब म्हणाला, "नाव दे. नाई तं बोटं देजो."

रक्त थुंकून चंद्रभान म्हणाला, "मांगितलं असतं तं देल्लं असतं, गुलाब. आता नाई देत."

त्याचं बोट खोटं पळत नव्हतं तशी जीभही मागं पळाली नाही. दुसरा कुणी शहाणपणानं नाव देऊन मोकळा झाला असता. उभारी खाली आली. कापसाची वाळली पऱ्हाटी मोडावी तसा आवाज झाला, दोनदा. तर्जनी आणि मधलं बोट.

संध्याकाळ व्हायच्या आत छायाचा भाऊ सचिन बोरगाव मेघेहून तीन मोटरसायकली घेऊन निघाला. त्याला कुणी सांगितलं नव्हतं. साळ्याला सांगावं लागत नाही. गुलाब गोठ्यात बैलांना पाणी पाजत होता, तिथंच त्याला गाठला. लोखंडी सळईनं डोकं फोडलं, डावा हात मोडला. बिजल्यानं दावं तोडलं आणि एकाला शिंगावर घेऊन गव्हाणीत फेकलं. तेवढं एक त्या दिवशी योग्य झालं म्हणावं.

पोलीस आले, दोघांकडचंही लिहून गेले. आणि सावंगीच्या दवाखान्यात खाटा पाहाव्यात तर एकाच खोलीत, मध्ये एक हर्नियाचा म्हातारा सोडून. चंद्रभानचा हात गळ्यात टांगलेला, गुलाबच्या डोक्याला चौदा टाके.

"सुट्टी होऊ दे," गुलाब छताकडे पाहत म्हणाला. "माये चुलतभाऊ दवाखान्याच्या फाटकाशी बसून हायेत. तुया साळ्याचे पाय मोजून ठेवजो."

चंद्रभानला स्वतःच्या बोटांची नव्हती तेवढी धास्ती आता बसली. सचिनची दोन लेकरं शाळेतली. नाव दिलं तर मार खाऊन दिलं असं होईल. नाही दिलं तर आणखी एक माणूस आडवा पडेल. या कुशीवर वळावं तर बरगडी दुखे, त्या कुशीवर वळावं तर गुलाब दिसे.

गुलाबची माय कमलाबाई डबा घेऊन आली. सत्तरीची, हातभर. तिनं आधी मुलाला जेवू घातलं, मग शिव्या घातल्या.

"काऊन रे, बैल घेतानी तुया बापानं कोनाची बोटं मोडली होती का? बैल असो का नाव असो, सौद्याची रीत एकच. टाका दुपट्टा!"

"माय, थो चोर हाय."

"चोर असता तं नंबर लिवला असता का? तुया घरी येऊन सांगाले पायजे होतं, थे नाई सांगतलं, थो त्याचा गुन्हा. हो का नाई चंदरभानजी?"

"हो बाई," चंद्रभान म्हणाला. "थो गुन्हा माया."

बाजारात बैलाचा भाव कुणी तोंडानं बोलत नाही. कापडाखाली एकमेकांची बोटं दाबून ठरतो, म्हणजे तिसऱ्याला कळत नाही. कमलाबाईनं खुर्ची ओढून मुलाला चंद्रभानच्या खाटेशी बसवलं, आणि दोघांच्या हातांवर दुपट्टा टाकला. गुलाबनं जन्मभराच्या सवयीनं तर्जनीच धरली.

चंद्रभाननं अशी किंकाळी फोडली की नर्स पळत आली.

"भाव लयच पाडला वाटते," हर्नियाचा म्हातारा म्हणाला, आणि हसताना आपलेच टाके धरून कळवळला.

गुलाबनं हात ओढला नाही. दुपट्ट्याखाली त्याला बोटांना बांधलेल्या लाकडी खपच्या लागल्या, सुजून वांग्याएवढी झालेली बोटं लागली. मोडताना दिसली नव्हती ती आता हाताला दिसली. मग चांगली दोन बोटं, करंगळी आणि तिच्या शेजारचं, हलकेच दाबली. चंद्रभाननं उलट दाबलं. दोनदा नाही झालं, तिसऱ्यांदा हो झालं. काय ठरलं ते त्या दुपट्ट्याला ठाऊक. छायानं वर्षभर विचारून पाहिलं, नवरा बधला नाही.

"पन दावं माया घरीच राईन," चंद्रभान म्हणाला.

जनावर विकलं तरी दावं विकत नाहीत, घेणाऱ्यानं आपलं आणायचं असतं. गुलाबला वाटलं, मार डोक्यात गेला याच्या.

"नावाले कायचं दावं?"

"माया खात्यात बांधलं हाय थे. सोडून तुया खात्यात बांधा लागते. तुयं खातं कुठी हाय? पयले त्या पोराच्या दाव्यानं बांधलं होतं, थो पुण्याले गेला अन् नाव सुटलं. तुयं दावं होतंच कवा?"

गुलाबनं खिशातला फोन काढून पुढं केला. सावंगीलाच शिकणाऱ्या रुचिकानं त्याच्याच फोनवर त्याचं खातं उघडून दिलं, पासवर्ड त्याच्याच हातानं लिहायला लावला. मग बापाच्या खात्यातून नाव सोडलं आणि इकडे बांधलं. कमलाबाई फाटकाशी गेली, आणि बसलेल्या पुतण्यांना चपलेनं हाणत घरी घेऊन गेली.

चंद्रभानची बोटं वाकडीच जुळली. बारीक घड्याळं आता तो उघडत नाही. नावं मात्र घेतो, आणि घेण्याआधी धनी कोण ते फोन करून विचारतो. बहुतेक जण नको म्हणतात.

पुढच्या हिवाळ्यात तो डाव्या हातात घड्याळ घेऊन पटात बसला. बिजल्या पुन्हा हरला, पुन्हा पातं लवण्याइतकाच. आकडा चंद्रभानच्या तोंडून निघायच्या आत गुलाबचा एक चुलतभाऊ उभारी घेऊन टेबलाकडे धावला. गुलाबनं ती हिसकावली आणि त्याच्याच पोटरीवर अशी हाणली की तो आठ दिवस लंगडला.

"आकडा बोला, चंदरभानजी," गुलाब म्हणाला.