रेघ मारलेली चौथी ओळ

माझा मामा लिफ्ट दुरुस्त करायचा. चौतीस वर्षं ते काम केलं आणि निवृत्तीनंतर मरेपर्यंत लिफ्टवाल्यांच्या मेलिंग लिस्टची राखण केली. गावोगावचे तीनेकशे मेकॅनिक त्या लिस्टवर होते. एकाने अडचण लिहिली की ती सगळ्यांना जायची, ज्याला ठाऊक असेल तो उत्तर द्यायचा. येणारी प्रत्येक ईमेल आधी मामा बघायचा आणि त्याचा एकच हट्ट असायचा: ईमेल साधी हवी. रंगीत अक्षरं, ठळक अक्षरं, चौकटी, काही म्हणजे काही चालायचं नाही. कोणी नटवून-थटवून पाठवलीच, तर 'साधी करून पुन्हा पाठवा' एवढं लिहून तो परत करायचा, मग समोरचा कितीही मोठा साहेब असो. एका इंजिनिअरने वैतागून विचारलंही, "रंगांशी तुमचं काय वाकडं आहे हो?" लोक हसले. म्हातारा चक्रम आहे, असं ठरून गेलं. मामाने कारण सांगितलं नाही. मला ते ठाऊक होतं, कारण त्याची सुरुवात माझ्यापासून झाली होती.

मामा निवृत्त झाला तेव्हा मी कॉलेजात होते आणि शहाणपणा नुसता उतू चालला होता. त्याच्या कॉम्प्युटरवर नवा ईमेलचा प्रोग्रॅम मीच घालून दिला आणि सगळी बटणं दाखवली. त्याला त्यातलं एकच आवडलं, शब्दांवर आडवी रेघ मारणारं. लिफ्टच्या मशीन रूममध्ये कामाची वही टांगलेली असते. तिच्यात चुकलेलं पुसायचं नसतं. वरून एक रेघ मारायची, म्हणजे आधी काय चुकलं होतं ते पुढच्या माणसाला वाचता येतं. मामाचा हात त्यावरच बसलेला.

"अगं, हे तर आपल्या वहीसारखंच!" तो हरखून म्हणाला.

त्याच आठवड्यात लिस्टवर एका मेकॅनिकची ईमेल आली. लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकली आहे, हे यंत्र मी पहिल्यांदाच बघतोय, कशी हलवू? मामाने सात ओळींत क्रम लिहिला. चौथी ओळ सवयीने लिहून गेला, 'ब्रेक सोडून चाक हाताने फिरवा.' मग त्याला आठवलं, की या यंत्रात आधी लिफ्टला तोलून धरणारं पलीकडचं वजन साखळीने बांधावं लागतं, नाहीतर ब्रेक सोडताच चाक आपोआप फिरतं. पाचवी ओळ साखळीची लिहिली, ब्रेक सोडायचं सहावीत घातलं आणि चौथीवर रेघ मारली. शेजारी बसून मीच पाठवायचं बटण दाबलं.

लिस्ट सगळ्या ईमेलमधली सजावट काढून टाकायची आणि नुसते शब्द पुढे पाठवायची. कोणाचा कॉम्प्युटर जुना, कोणाचा फोन एवढासा, सगळ्यांना वाचता यावं म्हणून ही सोय. आम्हाला त्याचा पत्ताच नव्हता. मामाची रेघ वाटेत गळून पडली आणि चौथी ओळ धडधाकट पोचली. त्या माणसाने वाचलं तसं केलं. चाक गरकन फिरलं आणि त्याचा उजवा हात मनगटापासून गेला.

महिन्याभराने त्याचा फोन आला. मामाने मलाही ऐकू येईल असा ठेवला.

"काका, कंपनी म्हणते मी मनाचं केलं. कामावरून काढतायत. ती चौथी ओळ तुम्हीच लिहिली होती ना?"

मी जोरजोरात नकारार्थी मान हलवत होते. आमच्याकडच्या ईमेलमध्ये ती रेघ ठळक दिसत होती. ती दाखवली असती तर मामा सुटला असता. पण कंपनीलाही तेच हवं होतं. सल्ला बरोबर होता, यानेच नीट वाचलं नाही, असं म्हणायला ती मोकळी झाली असती.

"हो, मीच लिहिली," मामा म्हणाला. "तसं लिहून देतो."

फोन ठेवल्यावर मी भांडले. "मामा, तुझी चूक नव्हती! ती रेघ दाखव ना!"

"त्याला जी पोचली तीच खरी," तो म्हणाला. "हे पुसून टाक. आणि कोणाला सांगणार नाहीस, असा शब्द दे." उभ्या आयुष्यात ज्याने एक ओळ पुसली नव्हती, त्याने ती ईमेल माझ्याकडून पुसून घेतली. मी शब्द दिला आणि रडत रडत पुसली.

त्या माणसाला कंपनीने टेबलावरच्या कामावर ठेवून घेतलं. मामाला मात्र कोणी पुन्हा काही विचारलं नाही. वीस-वीस वर्षांचे सोबती रस्त्यात दिसले की फुटपाथ बदलायचे. मग त्याने लिस्टवरच्या ईमेल तपासायचं काम मागून घेतलं. ते कंटाळवाणं काम कोणालाच नको होतं, म्हणून मिळालं.

मामा गेला त्याच्या दुसऱ्या दिवशी तो माणूस भेटायला आला. लिस्टवरून आलेला तो एकटाच. अजून त्याच कंपनीत होता. चहाचा कप डाव्या हाताने खाली ठेवला.

"माझ्या मनात त्यांच्याबद्दल काही नाही हो ताई," तो म्हणाला. "खोटं बोलले नाहीत, पाठीशी उभे राहिले. माणूस लाखात एक. फक्त कामात कच्चे होते."

माझ्या ओठांवर सगळं आलं होतं. मामाला शब्द दिला नसता तर बोलले असते.

"हो," मी म्हणाले. "कामात जरा कच्चाच होता."